डोळे पिवळे दिसले, तर आधी कारण विचारा

डोळे पिवळे झाले की महाराष्ट्रातल्या अनेक घरांत डॉक्टरांच्या आधी दुसरीच चौकशी सुरू होते. ‘काविळीचं औषध कोण देतं?’ उत्तर लगेच मिळते, कारण बहुतेक तालुक्यांत असे एखादे ठिकाण असतेच. कुणी अनशापोटी ताकातून पाला वाटून देतो, कुणी नाकात थेंब सोडतो, कुणी गळ्यात माळ घालून ती दिवसेंदिवस कशी लांब होते ते दाखवतो, तर कुणी चुन्याच्या पाण्याने हात धुऊन पिवळे पाणी परातीत ‘उतरवतो’. यातले बरेच जण पैसेही घेत नाहीत. सोबत पथ्य असते: तेल-तूप बंद, हळद बंद, उसाचा रस मात्र हवा तेवढा.

ही पद्धत टिकली, कारण तिला यश येताना दिसते. दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप ओसरते. माळ घातली नसती तरी ती ओसरलीच असती. पण माणूस बरा झालेला सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे श्रेय माळेला जाते आणि पत्ता पुढच्या घराला दिला जातो.

स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेत असलेल्या, किंवा पाच-सात वर्षांपूर्वी ते पूर्ण केलेल्या बाईचे डोळे पिवळे झाले, की हाच पत्ता घातक ठरतो. तिच्या बाबतीत आठवडे हाताशी नसतात. कधी कधी मोजके दिवसच असतात.

अशा घरात दोन चुका होतात, आणि बहुतेकदा एकामागून एक होतात. आधी ‘साधी कावीळ असेल’ म्हणून पंधरा-वीस दिवस पाल्यावर काढले जातात. मग तपासणी होते, ‘लिव्हरला पसरलंय’ हे शब्द कानावर पडतात आणि त्याच क्षणी सगळे संपले असे गृहीत धरले जाते. आधी आजार हलका समजला गेला, नंतर उपचारच नाही असे समजले गेले. दोन्ही वेळा एक प्रश्न विचारायचा राहिला: हे यकृत नेमके कशामुळे बिघडले आहे? त्याचे उत्तर एक नाही, निदान पाच-सहा आहेत. त्यांतली काही उत्तरे अशी आहेत की वेळेवर मिळाली तर बाई पुन्हा उभी राहते. हे उत्तर शोधणे आणि ते त्या बाईला स्वतःला सांगणे, या दोन्ही बाबतींत आपली आरोग्यव्यवस्था आणि आपली कुटुंबे कमी पडतात.

हा प्रश्न थोड्यांचा नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे 1 लाख 92 हजार नव्या रुग्णांची भर पडली आणि सुमारे 98 हजार मृत्यू झाले. स्तनातली गाठ स्तनात असेपर्यंत जीव घेत नाही. जीव जातो तो आजार हाडे, फुप्फुसे, यकृत आणि मेंदू यांच्यापर्यंत पोहोचल्यावर. यांपैकी यकृत हे अगदी नेहमीचे ठिकाण आहे.

ते नेहमीचे का, हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकाने, 1889 साली, ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या नोंदी त्याने तपासल्या. त्यांपैकी 241 जणींच्या यकृतात गाठी होत्या. प्लीहेत मात्र फक्त 17 जणींच्या. प्लीहेलाही भरपूर रक्तपुरवठा असतो, तिची धमनी चांगली मोठी असते. केवळ रक्ताबरोबर वाहत जाऊन कुठेही अडकणे एवढाच हा खेळ असता, तर हा फरक पडला नसता. पॅजेटचा निष्कर्ष असा, की बी सगळीकडे पडते, पण रुजते ते मानवणाऱ्या जमिनीतच. आज त्यामागची यंत्रणा बरीच उलगडली आहे. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळपास चौथा हिस्सा यकृतातून जातो. तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना छिद्रे असतात, प्रवाह संथ असतो, आणि पेशींना वाढायला लागणारी द्रव्ये मुबलक असतात.

इथे एक गोष्ट घरोघरी समजायला हवी. यकृतात गेलेला स्तनाचा कर्करोग हा यकृताचा कर्करोग नाही. त्या पेशी स्तनाच्याच असतात, त्यांच्यावर औषधेही स्तनाच्या कर्करोगाचीच चालतात. ‘लिव्हर कॅन्सर’ असे नातेवाइकाने मोबाइलवर शोधले, तर वेगळ्याच आजाराचे, वेगळ्याच औषधांचे आणि वेगळ्याच आयुर्मानाचे आकडे समोर येतात. त्या आकड्यांवरून घरात निर्णय होतात, हे भयंकर आहे.

यकृताजवळ राखीव ताकद प्रचंड असते. निरोगी यकृताचा अर्ध्याहून अधिक भाग काढून टाकला तरी उरलेला भाग काम सांभाळतो आणि पुन्हा वाढतो. म्हणूनच गाठी असूनही बाई स्वयंपाक करते, नोकरीला जाते, लग्नाकार्यात मिरवते. रक्ताची ‘एलएफटी’, म्हणजे यकृताच्या कामाची तपासणीही कित्येकदा जवळजवळ नॉर्मल येते आणि गाठी सापडतात त्या सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये. तक्रारी असल्या तर सहज दुसऱ्या कशावर ढकलता येतील अशा असतात. दोन घास खाल्ले की पोट भरते. उजव्या बरगडीखाली जड वाटते. उजवा खांदा दुखतो. यकृताचे आवरण ताणले की दुखणे खांद्यात जाणवते, पण घरी बाम चोळला जातो. वजन उतरते, थकवा जात नाही.

डोळ्यांचा पिवळेपणा यानंतर येतो. रक्तातले बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य साधारण अडीच-तीनच्या पुढे गेले की तो नजरेला दिसतो. नॉर्मल आकडा एकच्या आसपास असतो. म्हणजे डोळे पिवळे दिसतात तेव्हा बरेच काही घडून गेलेले असते. पण नेमके काय घडले आहे, हे डोळ्यांकडे पाहून कुणालाच सांगता येत नाही. वैदूला नाही आणि कर्करोगतज्ज्ञालाही नाही.

पहिली शक्यता सगळ्यांना सुचते ती: गाठींनी यकृताचा इतका भाग व्यापला की उरलेला पुरत नाही. ही अवस्था गंभीर असते. बिलिरुबिन झपाट्याने वाढत असेल आणि पित्तनलिका अडलेली नसेल, तर तज्ज्ञ तिला ‘व्हिसरल क्रायसिस’ म्हणतात. इथे उपचार आज ठरवायचे की पुढच्या आठवड्यात, याने निकाल बदलू शकतो.

दुसरी शक्यता अडथळ्याची. यकृताच्या तोंडाशी असलेल्या लसिका ग्रंथी सुजून पित्तनलिका दाबली जाते. यकृत अजून काम करत असते, पण पित्ताला वाट नसते. लघवी गडद होते, शौचाचा रंग मातकट पांढरा पडतो, अंगाला असह्य खाज सुटते. साध्या सोनोग्राफीत फुगलेल्या नलिका दिसतात. तोंडातून दुर्बीण घालून नलिकेत स्टेंट बसवला, किंवा ते जमत नसेल तर त्वचेतून नळी घालून पित्त बाहेर काढले, तर बिलिरुबिन खाली येते आणि बंद पडलेली किमोथेरपी पुन्हा सुरू करता येते. हाच अडथळा पाल्यावर ठेवला, तर साचलेल्या पित्तात जंतुसंसर्ग होतो. काविळीबरोबर थंडी वाजून ताप आला तर ती रात्र घरी काढायची नसते.

तिसरी शक्यता बी विषाणूची. भारतात सुमारे 3 कोटी लोकांच्या शरीरात हेपेटायटिस बी वस्तीला आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही. किमोथेरपी आणि तिच्याबरोबर दिली जाणारी स्टिरॉइड यांनी प्रतिकारशक्ती खाली येते, झोपलेला विषाणू जागा होतो आणि यकृतावर तुटून पडतो. बाई दगावते, घरचे म्हणतात ‘कॅन्सर लिव्हरला गेला’, आणि कित्येकदा ते खरे नसते. हे टाळता येते, ही यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. किमोच्या आधी रक्ताची साधी तपासणी करायची आणि विषाणू सापडला तर टेनोफोविर किंवा एन्टेकाविरची रोजची गोळी सुरू करायची. राज्यात कुठेही, सरकारी असो वा खासगी, या तपासणीशिवाय किमोची पहिली बाटली लागता कामा नये.

चौथी शक्यता औषधाची. कर्करोगाची काही औषधे स्वतःच यकृताला इजा करतात. ती ओळखली तर औषध थांबवून, मात्रा कमी करून किंवा बदलून यकृत सावरते. पण याच गटात ती औषधेही येतात, ज्यांचा उल्लेख बाई डॉक्टरांसमोर करत नाही: शेजारणीने दिलेला काढा, प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या, कर्करोग ‘मुळापासून’ घालवणारे चूर्ण. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी करोनाच्या पहिल्या वर्षात, 2020 च्या अखेरच्या महिन्यांत, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. त्यानंतर देशातल्या 13 केंद्रांमधल्या 43 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यातही हाच संबंध दिसला. गुळवेलीवर श्रद्धा असणाऱ्यांनी रागावू नये. निरोगी माणसाने काय प्यावे, हा इथला विषयच नाही. ज्या यकृतात आधीच गाठी आहेत आणि ज्यावर किमोचे ओझे आहे, त्यावर आणखी एक अनोळखी भार टाकायचा का, एवढाच प्रश्न आहे.

पाचवी शक्यता फार कमी लोकांना ठाऊक असते, आणि ती स्तनाच्या कर्करोगाशी विशेष जोडलेली आहे. यकृतातल्या गाठी आणि त्यांच्यावरची किमोथेरपी या दोन्हींच्या परिणामाने यकृत आक्रसते, खडबडीत होते. सीटी स्कॅनमध्ये ते हुबेहूब वर्षानुवर्षे दारू प्यायलेल्या माणसाच्या यकृतासारखे दिसते. वैद्यकात याला ‘स्यूडोसिऱ्होसिस’ म्हणतात. यात यकृतातल्या शिरांमधला दाब वाढतो, पोटात पाणी होते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून रक्ताची उलटी होऊ शकते. दारूचा थेंब कधी न घेतलेल्या बाईच्या रिपोर्टवर ‘सिऱ्होसिस’ शब्द वाचून घरात संशयाची नजर फिरते. तिच्या वाट्याला आधीच काय कमी आले आहे?

आणि या सगळ्यांच्या पलीकडे सहावी शक्यता उरते, ती साध्या काविळीची किंवा पित्ताशयातल्या खड्यांची. कर्करोगाच्या रुग्णालाही पाणीपुरीतून कावीळ होते! म्हणून तपासणीआधी घाबरणेही तितकेच चुकीचे.

या सहा वाटा वेगळ्या करायला अवकाशयान लागत नाही. रक्ततपासणी, सोनोग्राफी, हेपेटायटिसची चाचणी, गरज पडली तर सीटी स्कॅन. सुरुवातीची पायरी तालुक्याच्या गावी होऊ शकते. अडचण तिच्या पुढे येते. पित्तनलिकेत स्टेंट बसवणारा तज्ज्ञ आणि किमोचा निर्णय घेणारा तज्ज्ञ एकाच ठिकाणी, एकाच आठवड्यात भेटणे ही ग्रामीण महाराष्ट्रात अजून नशिबाची गोष्ट आहे. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरची राज्य कर्करोग संस्था अशी केंद्रे उभी राहिली, तरीही परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर राज्याच्या कानाकोपऱ्यातली माणसे दिसतातच. निदान एक गोष्ट बिनखर्चाची आहे. उपचार संपवून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या कागदावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहावे: डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, पोट फुगू लागले, तर दुसऱ्या दिवसापर्यंत इथे फोन करा. आणि खाली चालणारा फोन नंबर द्यावा.

कारण सापडल्यावर उपचार काय, याचे चित्र गेल्या वीस वर्षांत इतके बदलले आहे की जुन्या अनुभवावरून बोलणाऱ्या नातेवाइकांनी जरा थांबावे. ज्या गाठींवर ‘हर-टू’ नावाचे प्रथिन जास्त असते, तो प्रकार पूर्वी सर्वांत वाईट मानला जाई. ‘क्लिओपात्रा’ नावाच्या चाचणीत पसरलेला हर-टू आजार असलेल्या स्त्रियांना डोसिटॅक्सेल आणि ट्रास्टुझुमॅबच्या जोडीला पर्टुझुमॅब दिले गेले. बहुतेकींचा आजार अंतर्गत अवयवांत पोहोचला होता. निम्म्याहून अधिक स्त्रिया साडेचार वर्षांपेक्षा जास्त जगल्या, आणि 8 वर्षांनंतरही 37 टक्के जिवंत होत्या. संप्रेरकांवर वाढणाऱ्या प्रकारात लेट्रोझोलबरोबर रायबोसिक्लिब घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान 63.9 महिने आढळले, नुसत्या लेट्रोझोलवर ते 51.4 महिने होते. चौथ्या स्टेजचा आजार मुळासकट जात नाही, हे खरे. पण ‘चौथी स्टेज म्हणजे चार महिने’ हे गणित आता धादांत खोटे आहे.

यकृतात आजार असला की जोरदार किमोच हवी, ही समजूतही सैल झाली. ‘राइट चॉइस’ नावाच्या चाचणीत वेगाने वाढणाऱ्या संप्रेरकसंवेदी आजाराच्या 222 स्त्रियांपैकी निम्म्यांना दोन औषधांची किमो आणि निम्म्यांना रायबोसिक्लिबसह संप्रेरकरोधक गोळ्या दिल्या. यांतल्या अर्ध्याअधिक स्त्रियांना ‘व्हिसरल क्रायसिस’ असल्याची नोंद होती. गोळ्यांच्या गटात आजार जास्त काळ आटोक्यात राहिला आणि त्रास कमी झाला. बिलिरुबिन फार वाढलेल्या स्त्रिया मात्र या चाचणीत नव्हत्या, हे विसरून चालत नाही. त्यांच्यासाठी औषध निवडणे हे आजही अनुभवी हाताचे काम आहे. डोसिटॅक्सेल वाढलेल्या बिलिरुबिनमध्ये देत नाहीत, पॅक्लिटॅक्सेल आणि डॉक्सोरुबिसिनची मात्रा घटवावी लागते, ट्रास्टुझुमॅबचा निचरा यकृतावर अवलंबून नसल्याने ते देता येते. शक्य असेल तर यकृतातल्या गाठीचा तुकडा पुन्हा तपासावा, कारण पसरलेल्या आजाराची प्रकृती मूळ गाठीपेक्षा बदललेली असू शकते. दहा वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर आजचे औषध ठरवणे म्हणजे अंदाजाने बाण मारणे.

औषध आहे आणि ते परवडत नाही, हे दुखणे वेगळेच. 2022 मध्ये केरळ उच्च न्यायालयात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाची एक रुग्ण दाद मागायला गेली. रायबोसिक्लिबचा खर्च महिन्याला 50 हजार रुपयांहून अधिक होता, आणि इतर कंपन्यांना ते बनवू द्यावे अशी तिची मागणी होती. खटला चालू असतानाच तिचा मृत्यू झाला. न्यायालयाने विषय स्वतःहून पुढे चालू ठेवला. दुसरीकडे याच वर्गातल्या पालबोसिक्लिबचे पेटंट जानेवारी 2023 मध्ये संपले आणि भारतीय कंपन्यांच्या बऱ्याच स्वस्त गोळ्या आल्या. त्याआधी 2014 मध्ये ट्रास्टुझुमॅबची भारतीय आवृत्ती आल्यावरही दर उतरले होते. म्हणजे किंमत ही नियती नाही, ती धोरणाने खाली येते. महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण 5 लाखांपर्यंत वाढवण्याचा निर्णय 2023 मध्ये घेतला, हे चांगले झाले. पण या योजनेची रचना मुळात रुग्णालयातल्या उपचारांभोवती आहे. पसरलेल्या कर्करोगाची बाई वर्षानुवर्षे गोळ्यांवर, घरी राहून जगते. तिचा हिशेब योजनेत नीट बसवायला हवा.

आता एक आग्रह, जो जवळजवळ प्रत्येक कुटुंब धरते: ‘गाठ कापून टाका ना.’ मूळ गाठ काढली तर पसरलेल्या आजारात आयुष्य वाढते का, याचा तपास जगात अगदी सुरुवातीला करणाऱ्यांमध्ये परळचे टाटा रुग्णालय होते. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांच्या 350 स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल 2015 मध्ये आला: मूळ गाठीवर शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या गटांच्या आयुर्मानात लाभाचा फरक नव्हता. यकृतातल्या मोजक्या गाठी कापून किंवा जाळून काढण्याचा फायदा काही निवडक रुग्णांना होत असेल, पण मोजक्या ठिकाणी पसरलेल्या आजारावर शस्त्रक्रिया किंवा नेमक्या किरणांचा मारा करून पाहणाऱ्या अमेरिकन चाचणीतही 2022 मध्ये तसा लाभ दिसला नाही. लाखो रुपये घेऊन ‘लिव्हर साफ करून देतो’ म्हणणाऱ्याला या निकालांबद्दल जरूर विचारावे.

आणि मग काही जणींच्या बाबतीत ती वेळ येते, जेव्हा औषधे संपतात किंवा यकृतच ती झेलू शकत नाही. ‘आता घरी न्या’ हे तीन शब्द सांगून हात झटकण्याची आपल्याकडची रीत क्रूर आहे. घरी नेल्यावर काय करायचे, हेच तर सांगायचे असते.

पोटातले पाणी काढता येते. श्वास मोकळा होतो, दोन घास जातात, कुशीवर झोपता येते. ते पुन्हा भरते म्हणून काढूच नये, हे म्हणणे चुकीचे. पुन्हा पुन्हा भरणाऱ्यांसाठी कायमची बारीक नळीही बसवता येते. काविळीच्या खाजेवर सर्दीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत, तिच्यासाठी वेगळी औषधे आहेत. उजव्या कुशीतल्या ताणाच्या दुखण्यावर स्टिरॉइडची लहान मात्रा बराच आराम देते. मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके मात्र या अवस्थेत मूत्रपिंड बिघडवतात आणि रक्तस्राव घडवतात. आणि ते पथ्य! तेल-तूप बंद, डाळ बंद, नुसती पेज. ज्या बाईचे स्नायू रोज झिजत आहेत, तिला प्रथिनेच तोडली जातात. अंडे, डाळ, दही, पनीर, मासे, तिला आवडेल ते थोडे थोडे, दिवसातून सहा वेळा द्यावे. तिला साजूक तुपाचा वरणभात खावासा वाटला तर तो तिला मिळाला पाहिजे.

मेंदूवरचा परिणाम घरच्यांना सर्वांत जास्त गोंधळात टाकतो. निकामी यकृत रक्तातली विषारी द्रव्ये गाळत नाही. बाई दिवसा झोपते, रात्री जागते. नावे चुकते, चिडते, कपाट उघडून उभी राहते. पुढे ताठ धरलेले हात मनगटातून झटके देत खाली पडतात. कुणी याला हट्टीपणा म्हणतात, कुणी बाहेरची बाधा. बऱ्याचदा निमित्त बद्धकोष्ठाचे, जंतुसंसर्गाचे किंवा झोपेच्या गोळीचे असते. लॅक्टुलोजचे साधे पातळ औषध, दिवसाला दोन-तीन वेळा पोट साफ होईल इतके दिले, की कित्येकदा ती पुन्हा माणसे ओळखू लागते. घरच्यांना तिच्याशी बोलायला आणखी काही दिवस मिळतात.

तीव्र वेदनेला मॉर्फिन लागते. अमली पदार्थांच्या कायद्यात 2014 मध्ये दुरुस्ती झाली आणि वैद्यकीय मॉर्फिनची परवाना-पद्धत देशभर सोपी करण्यात आली. तरी अनेक जिल्ह्यांत ते मिळत नाही, आणि मिळाले तरी ‘व्यसन लागेल’ म्हणून घरचेच लपवून ठेवतात. यकृत बिघडले असताना मात्रा कमी आणि अंतर जास्त ठेवावे लागते, पण ते नाकारण्याचे काही कारण नाही. वांद्र्यात 1986 पासून शांती अवेदना सदन हे काम करत आहे, गोव्यात लोटलीला त्यांचे केंद्र आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र 1997 पासून आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अशी दहा खाटांची खोली आणि घरी जाणारी एक नर्स असावी, ही मागणी अवाजवी नाही.

उरतो तो प्रश्न, ज्यावर आपल्या समाजात सगळ्यात जास्त कुजबुज होते: तिला सांगायचे का?

छायाचित्रकार लिंडा मॅकार्टनी यांना 1995 मध्ये स्तनाचा कर्करोग निघाला. मार्च 1998 मध्ये तो यकृतात पोहोचल्याचे कळले आणि 17 एप्रिलला त्यांचा मृत्यू झाला. पती पॉल मॅकार्टनी यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितले, की मरण इतके जवळ आहे हे डॉक्टरांशी बोलून लिंडाला सांगायचे नाही असे ठरले होते. शेवटच्या दिवसांतही ती घोड्यावरून फेरफटका मारून आली. अमेरिकेतल्या वकील-लेखिका एलिझाबेथ एडवर्ड्स यांचे उलट झाले. 2004 मध्ये निदान, 2007 मध्ये आजार हाडांत, आणि 2010 च्या अखेरीस यकृतात. पुढच्या उपचारांचा उपयोग नाही, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितले. त्यांनी स्वतः मित्रांना आणि लोकांना उद्देशून निरोपाचे चार शब्द लिहिले. दुसऱ्या दिवशी, 7 डिसेंबरला, त्या गेल्या.

पॉलच्या प्रेमावर शंका घेण्याचे कारण नाही. तशीच शंका ‘आईला काही बोलू नका डॉक्टर’ म्हणून केबिनबाहेर हात जोडणाऱ्या मुलावरही घेता येत नाही. पण तो मुलगा चुकतो आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्या बाईला बहुतेकदा सगळे कळलेले असते, फक्त तिच्याशी त्यावर बोलायला कुणी उरत नाही. मंगळसूत्र कुणाला द्यायचे, धाकटीचे शिक्षण कुणी बघायचे, माहेरी एकदा जायचे का, आणखी एक किमो घ्यायची की नाही, हे प्रश्न तिचे आहेत. ते दुसऱ्या कुणी सोडवायचे नसतात.

यकृताच्या आजारात या बोलण्याला मुदत असते, कारण वर सांगितलेला मेंदूचा गोंधळ कधीही सुरू होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून उपचारांबाबतची इच्छा आधीच लिहून ठेवण्याची तरतूद केली, आणि जानेवारी 2023 मध्ये तिची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ती नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केली तरी चालते. व्हेंटिलेटर नको, अतिदक्षता विभाग नको, घरीच ठेवा, असे तिला लिहायचे असेल, तर सही करताना तिचे मन शाबूत असावे लागते. म्हणून यकृतातल्या गाठी स्कॅनमध्ये पहिल्यांदा दिसतात, बिलिरुबिन अजून नॉर्मल असते आणि नवे औषध सुरू व्हायचे असते, तीच भेट या बोलण्याची आहे. त्या भेटीत डॉक्टरांनी खुर्ची नातेवाइकांकडून तिच्याकडे वळवावी, रिपोर्ट तिच्या हातात द्यावा आणि तिला विचारावे, की तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे, आणि काही निर्णय घ्यायची वेळ आली तर तुमच्या वतीने कुणी बोलावे.